पाऊस मोजणाऱ्यांची ओळख: प्रकल्प नोंदी

२५ मे २०२५, रविवार

काल मान्सून केरळात पोचला, आज तळकोकणात. यंदा फारच घाई आहे त्याला. आमची तयारी मात्र अर्धीही झालेली नाही.

आम्ही अकरा जण सातारा जिल्ह्यात रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजतो. हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठलाच संपतो, म्हणून तीच वेळ. मेढा, वाई, महाबळेश्वर, कऱ्हाड, लोणंद, फलटण, दहिवडी अशा ठिकाणी आमचे पर्जन्यमापक आहेत. घाटमाथ्यावर वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो, माणदेशात पाचशेच्या आसपास. मध्ये अंतर शंभर किलोमीटरसुद्धा नाही. हे आकडे शेजारी शेजारी दिसावेत म्हणून चार वर्षं आम्ही एका सोशल साइटवर लिहीत होतो. ती साइट बंद पडली. जाण्याआधी आमच्या नोंदींची फाइल तिने दिली. फाइलमध्ये तारखा होत्या, आकडे होते, पण लिहिणाऱ्याच्या नावाच्या जागी एक लांबलचक क्रमांक होता. तो क्रमांक कोणाचा हे सांगणारी साइटच उरली नाही. ‘६४’ हा आकडा मेढ्याचा की दहिवडीचा हे कळत नसेल तर तो आकडा कशाला ठेवायचा? बरेचसे अंदाजाने लावले. साधारण तीनशे नोंदी लागल्याच नाहीत.

ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं, गूगल प्लस २ एप्रिल २०१९ला, कू जुलै २०२४मध्ये. साइट बंद पडणारच हे धरून चालायला हवं. प्रश्न एवढाच आहे की ती गेली तरी आमची नावं आमच्याकडे कशी राहतील. या पावसाळ्यात तेच करून बघायचं ठरवलं आहे. व्हॉट्सॲपचा ग्रुप चालूच राहील, पण तिथे ओळख म्हणजे फोन नंबर. मागच्या वर्षी मेढ्याच्या काकांनी सिम बदललं, तर आठवडाभर आकडे ‘अनोळखी’ माणसाकडून येत होते.

२८ मे

डोमेन घेण्याचा दिवस. मनापासून वाटत होतं की नाव देवनागरीत असावं. ‘.भारत’ देवनागरीत २०१४पासून मिळतं, आणि ते मराठीलाही चालतं. घेतलं. ब्राउझरमध्ये टाकलं तेव्हा पत्त्याच्या पट्टीत आमचं नाव आमच्या लिपीत उमटलं. थोडा वेळ नुसती बघत बसले.

मग खरी कामं सुरू झाली. डीएनएसच्या, म्हणजे डोमेनवरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेच्या, पोटात देवनागरी जातच नाही. ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं एक रोमन रूप तयार होतं, त्याला प्युनीकोड म्हणतात, आणि यंत्रं एकमेकांशी त्याच रूपात बोलतात. ब्राउझर ते परत मराठीत करून दाखवतो, पण सगळेच एवढी तसदी घेत नाहीत. मॅस्टोडॉन हे अनेक स्वतंत्र सर्व्हरांचं मिळून झालेलं सोशल जाळं. तिथे सदस्यनावात रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेघ एवढंच साधारण चालतं. ब्लूस्काय या दुसऱ्या सोशल साइटच्या नियमांनुसार हँडल, म्हणजे खात्याचं नाव, हे डोमेनच असतं, पण तेही रोमनच, म्हणजे आमचं नाव तिथे प्युनीकोडमध्येच लिहावं लागणार. दहिवडीच्या बाईंना ते रूप दाखवलं. म्हणाल्या, “हे माझं नाव आहे असं मी वर्गातल्या पोरांना कसं सांगू?” बाई शाळेत शिकवतात. त्यांच्या वर्गातली मुलं पाळीपाळीने माप वाचतात.

म्हणून रोमन डोमेनही घेतलं. काम त्यावर होईल, आणि मराठी डोमेन टाकलं की माणूस तिथेच पोचेल. हे मला आवडलेलं नाही, पण आज दुसरा रस्ता नाही. दाखवायच्या नावात मात्र देवनागरी सगळीकडे चालते, त्यामुळे ‘मेढा पर्जन्यमापक’ असं ठसठशीत लिहिता येतं.

१ जून

आज सर्व्हर न घेता फक्त पत्ता चालू करून पाहिला. मॅस्टोडॉनसारख्या साइट एकमेकींशी ॲक्टिव्हिटीपब या नियमावलीने बोलतात. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१८मध्ये ती प्रमाण म्हणून मान्य केली. पण बोलण्याआधी समोरचा सापडायला हवा. ते काम वेबफिंगरचं, आणि ते फारच साधं आहे. कोणी ‘मेढा’ ॲट आमचं डोमेन असं शोधलं की त्याचा सर्व्हर आमच्या डोमेनवरच्या एका ठरलेल्या जागी येऊन विचारतो, या नावाचं माणूस कुठे राहतं? आम्ही एक छोटी फाइल देतो: अमुक ठिकाणी. बस.

२०१९च्या नोव्हेंबरात भारतातले बरेच जण ट्विटरवरून मॅस्टोडॉनकडे वळले, तेव्हाच मीही तिथे एक खातं उघडलं होतं. फाइलमध्ये त्याच खात्याचा पत्ता लिहिला आणि पुण्यातल्या भाच्याला शोधायला सांगितलं. सापडलं! मग तो म्हणाला, “मावशी, मी ‘बटाटा’ ॲट तुझं डोमेन शोधलं, तरी तूच येतेस.” साधी फाइल कोणतंही नाव विचारलं तरी तेच उत्तर देते, कारण प्रश्न वाचायला तिथे कोणी नसतं. एकट्या माणसाला याने काही बिघडत नाही. अकरा जणांना चालणार नाही.

डोमेन म्हणजेच ओळख ही कल्पना जुनी आहे. २००५मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी लाइव्हजर्नलसाठी ओपनआयडी काढलं तेव्हा स्वतःच्या वेबपत्त्यानेच लॉगिन करायचं होतं. पुढे त्याच नावाचा वारसा ‘अमुक कंपनीच्या खात्याने आत या’ या बटणांकडे गेला. आम्ही आत्ता जे करतो आहोत ते त्या पहिल्या कल्पनेच्या जास्त जवळचं आहे, आणि मला ते योग्य वाटतं.

४ जून

सर्व्हर घरी ठेवायचा बेत सोडला. घरच्या फायबर जोडणीला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नाही. कंपनी कितीतरी घरांना एकाच पत्त्यामागे ठेवते, त्यामुळे बाहेरून आत येताच येत नाही. शिवाय पावसाळ्यात इथली वीज. मुंबईतल्या डेटा सेंटरमधला एक जीबी रॅमचा भाड्याचा सर्व्हर घेतला.

त्यावर पूर्ण मॅस्टोडॉन बसवणं म्हणजे रेल्स, पोस्टग्रेस, रेडिस, साइडकिक असा सगळा संसार मांडणं. अकरा माणसांसाठी नको. त्याऐवजी गोटूसोशल हे ॲक्टिव्हिटीपब बोलणारं हलकं सॉफ्टवेअर घेतलं. ते गो भाषेत लिहिलेलं आहे, डेटा एसक्यूलाइटच्या एका फाइलमध्ये राहतो, स्वतःचा वाचायचा पडदा नाही, पण मॅस्टोडॉनसाठी केलेली टस्कीसारखी ॲप त्याला जोडता येतात.

७ जून, शनिवार

आजची चूक सविस्तर लिहून ठेवते. पुढे कोणी हे करणार असेल तर इथे थांबून वाचावं.

गोटूसोशल बसवताना दोन नावं द्यायची असतात: सर्व्हर प्रत्यक्ष जिथे आहे ते, आणि खात्याच्या पत्त्यात दिसायचं ते. एकदा इतर सर्व्हरांशी बोलणं सुरू झालं की ती बदलायची नसतात. हे मी वाचलेलं होतं. नावं नीटच दिली. मग चाचणीची चार खाती उघडली, भाच्याने ती फॉलो केली, दोन-चार पोस्ट गेल्या. सगळं छान चाललं, म्हणून खरं काम सुरू करण्याआधी चाचणीचा पसारा काढावा असं वाटलं. डेटाबेस पुसला आणि त्याच नावांनी खाती नव्याने उघडली.

इथेच घोळ झाला. प्रत्येक खात्यासोबत किल्ल्यांची एक जोडी तयार होते. खासगी किल्ली सर्व्हरवर राहते, प्रत्येक संदेशावर तिची सही होते, आणि समोरचा सर्व्हर सार्वजनिक किल्लीने ती सही तपासतो. समोरच्यांनी पहिली सार्वजनिक किल्ली जपून ठेवली होती. मी डेटाबेससोबत खासगी किल्ली पुसली. आता त्याच नावाने, त्याच पत्त्यावरून, नव्या किल्लीची सही असलेले संदेश जाऊ लागले. काही सर्व्हरांनी नवी किल्ली मागवून घेतली. काहींनी सरळ नाकारलं. भाच्याच्या सर्व्हरच्या हिशेबी तो अजून जुन्या ‘मेढा’ला फॉलो करत होता, आणि त्या जुन्या ‘मेढा’कडून आता कधीच काही येणार नव्हतं.

त्यांचं वागणं बरोबरच होतं. माझ्या दाराशी ओळखीच्या नावाचा पण दुसऱ्याच हस्ताक्षराचा माणूस आला तर मीही दार उघडणार नाही.

रात्री अकरापर्यंत खटपट केली, शेवटी ते उपडोमेन सोडूनच दिलं. दुसऱ्या नावाने पुन्हा पहिल्यापासून. आता डेटाबेसची, म्हणजेच किल्ल्यांची, प्रत रोज रात्री दोन ठिकाणी जाते. फोटो गेले तर वाईट वाटेल. किल्ल्या गेल्या तर आम्ही आम्हीच आहोत हे सांगता येणार नाही.

१४ जून

सगळे आले. काकांनी पहिली पोस्ट टाकली: “मेढा ६४ मिमी #पाऊसनोंद”. काकांचं वय चौऱ्याहत्तर. ते कृषी खात्यातून निवृत्त झालेत, आणि १९९८पासूनच्या त्यांच्या वह्या अजून त्यांच्याकडे आहेत. त्यांना ॲप लावून द्यायला अर्धा तास लागला, त्यातली वीस मिनिटं पासवर्डवर गेली.

एक अडचण मराठीचीच निघाली. जोराचा पाऊस झाला की आम्ही इशाऱ्याचा हॅशटॅग लावतो. वाईच्या ताईंच्या पोस्ट त्या टॅगखाली दिसत होत्या, लोणंदच्या दिसत नव्हत्या. डोळ्यांना दोन्ही शब्द एकच: ॲलर्ट आणि अॅलर्ट. आत बघितलं तर पहिल्यात ‘ॲ’ हे एकच अक्षर आहे, युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांच्या प्रमाण यादीत २००८ साली आलेलं. दुसऱ्यात ‘अ’ वर वेगळा चंद्र दिलेला. युनिकोड या दोघांना समान मानत नाही, त्यामुळे कुठलंही सॉफ्टवेअर त्यांना आपणहून एकत्र आणत नाही. कोणत्या फोनचा कीबोर्ड कोणतं टंकतो यावर पोस्ट कुठे जाणार ते ठरत होतं. ‘ऱ्या’तल्या ‘ऱ’चं तसं नाही. तो ‘र’खाली नुक्ता देऊन लिहिला तरी प्रमाणीकरणात, म्हणजे सॉफ्टवेअर समान अक्षरं एकाच रूपात आणतं तेव्हा, एक होतो.

नवा टॅग ठरवला: #इशारा. शब्द आपला, आणि टंकायलाही एकाच प्रकारे येतो.

२२ जून, रविवार

ब्लूस्काय. २०१९च्या डिसेंबरात ट्विटरच्या आत प्रकल्प म्हणून जाहीर झालेलं, फेब्रुवारी २०२४पासून सगळ्यांना खुलं. मला ते ज्या नियमावलीवर चालतं त्या एटी प्रोटोकॉलमध्ये रस आहे, कारण तिथे नाव आणि ओळख वेगळी केली आहे.

खातं उघडलं की एक डीआयडी, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, मिळतो. ‘डीआयडी:पीएलसी:’ आणि पुढे २४ अक्षरं, खात्याच्या पहिल्या नोंदीतून गणिताने निघालेली. तो डीआयडी जन्मभर तोच. हँडल म्हणजे त्यावर लावलेली पाटी. आमच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये ‘_एटीप्रोटो’ नावाची एक टीएक्सटी, म्हणजे साध्या मजकुराची, नोंद करायची, तिच्यात डीआयडी लिहायचा, की पाटी बदलली. पाच मिनिटांत ‘वाई’ डॉट आमचं डोमेन हे ताईंचं हँडल झालं. फॉलोअर तेच, जुन्या पोस्ट त्याच.

आपल्याकडे ‘कर’ लावून आडनाव होतं: मेढेकर, वाईकर, कऱ्हाडकर. माणूस आणि गाव एका शब्दात. मॅस्टोडॉनचा पत्ताही तसाच आहे, अमुक नावाचा, तमुक सर्व्हरकर. फरक असा की आमच्या ओळखीचे कऱ्हाडकर चार पिढ्या पुण्यात राहूनही कऱ्हाडकर आहेत, आणि मॅस्टोडॉनवर सर्व्हर सोडला की आडनावही सोडावं लागतं. म्हणूनच तिथे स्वतःच्या डोमेनला एवढी किंमत आहे. एटी प्रोटोकॉलमध्ये गाव बदला, आडनाव बदला, खाली डीआयडी तोच राहतो.

पण तो डीआयडी कुठे नोंदला आहे? एका निर्देशिकेत, आणि ती आज ब्लूस्काय कंपनीच चालवते. दुसरा पर्याय डीआयडी:वेब, त्यात सगळं आपल्या डोमेनवर राहतं, पण मग डोमेन गेलं की ओळखच गेली. मी बराच वेळ विचार केला आणि पीएलसी निवडला, एका कारणासाठी. त्यात आपली स्वतःची फिरती किल्ली (रोटेशन की), म्हणजे ओळखीच्या नोंदीत बदल करायचा अधिकार देणारी किल्ली, घालून ठेवता येते. तिला वरचा क्रम दिला, आणि खालच्या क्रमाच्या किल्लीने कोणी ओळख पळवली, तर ७२ तासांच्या आत तो बदल रद्द करता येतो. ती किल्ली कागदावर लिहिली.

संध्याकाळी चहा पिताना एक गोष्ट जाणवली आणि मग कामात लक्ष लागेना. अकरा जणांच्या नावांमागे आता माझं डोमेन आहे. मी उद्या नूतनीकरण विसरले, किंवा काकांशी भांडले आणि त्यांची नोंद काढून टाकली, तर? आम्ही कंपनीच्या हातातून नाव सोडवून माझ्या हातात दिलं. याचं काहीतरी करायला हवं. तोपर्यंत कोणाला आणखी जोडणार नाही.

२८ जून

पालखी जिल्ह्यात आहे. फलटणच्या सदस्या वारकऱ्यांच्या जेवणात गुंतल्या आहेत, तरी साडेआठचं माप चुकवलं नाही.

आज मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: एका तक्त्यातून आकडे घेऊन ती ब्लूस्कायवर पोस्ट करते. पहिलीच पोस्ट विचित्र आली. हॅशटॅग निळा व्हायचा तो झाला नाही, ‘६४’ निळं झालं, आणि ‘मिमी’तल्या पहिल्या ‘म’च्या ठिकाणी चौकटीतली प्रश्नचिन्हं.

कारण शोधायला दुपार गेली. एटी प्रोटोकॉलमध्ये दुवा किंवा टॅग कुठून कुठपर्यंत आहे ते वेगळं सांगावं लागतं, आणि ते अक्षरांत नाही, तर यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीतल्या बाइटमध्ये. रोमन अक्षराला एक बाइट, म्हणून इंग्रजीत चूक कळतच नाही. देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन. ‘मेढा’ म्हणजे म, एकाराची मात्रा, ढ, काना: चार खुणा, बारा बाइट. आमचा मराठी आकडाही एकेक तीन बाइटचा. “मेढा ६४ मिमी #पाऊसनोंद” यात खुणा मोजल्या तर टॅग १३व्या स्थानी सुरू होऊन २२ला संपतो, बाइट मोजले तर ३३ला सुरू होऊन ५८ला. मी १३ आणि २२ दिले होते. तेराव्या बाइटला ‘६’ सुरू होतो, आणि बाविसाव्याला ‘मि’तला ‘म’ मधोमध कापला जातो. सुरी बरोबर अक्षरावर फिरली.

दुरुस्ती दोन ओळींची होती. पण अशा उपकरणांची उदाहरणं इंग्रजी वाक्यांवर तपासलेली असतात म्हणून हे घडतं. आमचं ते एक वाक्य तपासणीसाठी म्हणून मी स्क्रिप्टसोबत कायमचं ठेवलं आहे.

तीनशेची मर्यादा मात्र मराठीला जाचक नाही. ब्लूस्कायवर ती डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांत मोजतात. ‘नमस्कार’ म्हणजे सात खुणा, एकवीस बाइट, आणि मोजणारं सॉफ्टवेअर नवं की जुनं यानुसार चार किंवा पाच अक्षरं. २०२३च्या युनिकोड १५.१पासून जोडाक्षर एक धरायचा नियम आला, त्याआधी ‘स्’ सुटा पडायचा.

५ जुलै

मॅस्टोडॉनचं जाळं आणि ब्लूस्काय यांना जोडणारा ब्रिजी फेड हा पूल लावला. आमच्या गोटूसोशलच्या खात्याने त्यांच्या खात्याला फॉलो केलं की आमच्या पोस्ट ब्लूस्कायवर दिसू लागतात. स्वतः मागितल्याशिवाय कोणाला ओढत नाहीत, हे चांगलं. तिथे पत्ता मात्र फार लांब होतो. ज्यांचं ब्लूस्कायवर स्वतःचं खातं आहे त्यांच्यासाठी पूल लावला नाही, नाहीतर एकच पाऊस दोनदा पडतो.

काकांच्या ॲपमध्ये पोस्टची भाषा इंग्रजी लागलेली होती. तीन आठवडे त्यांचं मराठी ‘इंग्रजी’ म्हणून जात होतं, आणि भाषेनुसार चाळणी लावणाऱ्यांना दिसत नव्हतं. बदललं.

१३ जुलै, रविवार

वाईत सगळे भेटलो. पावसाने उघडीप दिली होती, तरी विषय पावसाचाच.

पहिल्यांदाच भेटीला आलेल्या एकाने विचारलं, “हे सगळं करण्यापेक्षा आधारने लॉगिन का नाही ठेवत? खोटं कोणी लिहिणार नाही.” प्रश्न प्रामाणिक होता. आधारचा पहिला क्रमांक आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१०ला दिला गेला. तेव्हापासून ‘ओळख’ म्हटलं की आपल्याला ते बारा आकडेच आठवतात.

मी काय उत्तर दिलं ते इथे नीट लिहिते, कारण तिथे बोलताना शब्द सापडत नव्हते. रेशन, पेन्शन, बँक यांना हे माणूस कोण आहे ते कळायला हवं. आमच्या कामाला ते नको आहे. आम्हाला एवढंच हवं आहे की काल जिथे, ज्याने माप घेतलं, तिथेच, त्यानेच आज घेतलं. सलगता. दहिवडीच्या बाईंचं खरं नाव जगाला कळून पावसाचा एक मिलिमीटरही जास्त खरा होत नाही. उलट बाईंचं घर कुठे, त्या रोज सकाळी साडेआठला कुठे असतात, हे नावासकट जाहीर होतं. बाईंनी लगेच मान हलवली. त्यांच्या मनात हे पहिल्या दिवसापासून होतं, बोलल्या नव्हत्या इतकंच.

म्हणून ठरलं: खातं ठिकाणाचं. व्यक्तीचं नाव ज्याची त्याची मर्जी. आमच्या साइटवर प्रत्येक मापकाचं एक पान आहे, कोणत्या प्रकारचा, कोणत्या तारखेपासून, जवळ झाड किंवा भिंत किती अंतरावर. त्या पानावरून खात्याकडे ‘रेल-मी’ दुवा, म्हणजे ‘हे खातंही माझंच’ असं सांगणारा दुवा, आणि खात्यावरून पानाकडे दुवा. मॅस्टोडॉनवरून पाहिलं की ती ओळ हिरवी दिसते. तिचा अर्थ एवढाच की पान आणि खातं एकाच्याच हातात आहेत. आम्हाला तेवढंच म्हणायचं आहे.

२७ जुलै

निघून जाण्याची रंगीत तालीम. घर बांधल्यावर दार आतून उघडतं का ते बघायला हवं.

चाचणीचं एक खातं गोटूसोशलवरून दुसऱ्या सर्व्हरवरच्या मॅस्टोडॉनवर हलवलं. आधी नव्या खात्यावर ‘मीच तो’ म्हणून जुन्याचा उल्लेख करायचा, मग जुन्यावरून ‘हललो’ असा निरोप सोडायचा. काही मिनिटांत फॉलोअर नव्या घरी आले. पोस्ट आल्या नाहीत. त्या येतच नाहीत, ती या पद्धतीची मर्यादा आहे. आमच्या दृष्टीने मोठी, कारण फॉलोअरपेक्षा आम्हाला आकडे प्रिय आहेत.

मग ब्लूस्कायवरचं चाचणीचं खातं आमच्या स्वतःच्या पीडीएसवर, म्हणजे ज्या सर्व्हरवर खात्याचा सगळा डेटा राहतो त्यावर. त्यासाठी महिन्याभराकरता वेगळा सर्व्हर घ्यावा लागला, कारण पीडीएसची तयार मांडणी वेबची दारं स्वतःच अडवते आणि गोटूसोशलशी भांडते. सगळ्या नोंदी एका फाइलमध्ये आल्या, फोटो वेगळे न्यावे लागले, मग ईमेलवर आलेल्या संकेताने निर्देशिकेत बदल केला. डीआयडी तोच, हँडल तेच, जुन्या पोस्ट जागच्या जागी. भाच्याला काही बदललं आहे हे कळलंसुद्धा नाही. इतकं चांगलं काम बघून मला खरोखर भरून आलं. चार वर्षांपूर्वी हे असतं तर त्या तीनशे नोंदी आज बेवारस नसत्या.

तरीही दर रविवारी सगळे आकडे एका साध्या तक्त्यात उतरतात: तारीख, ठिकाण, मिमी, मोजणारा. तो तक्ता छापून वाईच्या ताईंकडे राहतो.

९ ऑगस्ट, राखीपौर्णिमा

२२ जूनच्या संध्याकाळचं काम आज संपवलं. डोमेन एकदम दहा वर्षांसाठी भरलं, त्याहून जास्त भरू देत नाहीत. पैसे अकरा जणांनी वाटून दिले. हे महत्त्वाचं होतं, मी एकटीने भरले असते तर ते माझंच राहिलं असतं. नोंदणीच्या खात्यात वाईच्या ताईंना बरोबरीचा अधिकार दिला. फिरत्या किल्ल्यांचे कागद दोन पाकिटांत, एक वाईत, एक कऱ्हाडला, लोखंडी कपाटात. सोबत चार पानांचं मराठी टिपण: मी नसले तर काय करायचं, कुठल्या क्रमाने. ताईंनी ते माझ्यासमोर वाचून करून दाखवलं. दोन ठिकाणी अडल्या, तिथलं लिखाण बदललं.

ज्याला वेगळं व्हायचं असेल त्याचं हँडल त्याच्या स्वतःच्या डोमेनवर न्यायला आम्ही मदत करू, आणि भांडण झालं तरी कोणाची नोंद काढणार नाही, असं एका पानावर लिहून सगळ्यांनी सह्या केल्या. निळ्या शाईने.

२४ ऑगस्ट, रविवार

काका पुण्याला लेकीकडे चाललेत, बहुधा कायमचे. गुडघे आता जिना चढू देत नाहीत, आणि मापक गच्चीवर आहे. फोनवर म्हणाले, “पोरी, त्या खात्याचं काय करायचं? मी पुण्यातून मेढ्याचा पाऊस कसा सांगू?”

आम्ही इतके दिवस ‘काल ज्याने मोजलं त्यानेच आज मोजलं’ म्हणत होतो. आता मापक तोच, गच्ची तीच, हात बदलणार. नवं खातं उघडायचं तर १९९८पासूनची ओळ तुटते. तेच चालू ठेवायचं तर माप वाचणारे डोळे बदलल्याचं लपतं, आणि डोळ्यांनी फरक पडतो. काका पाण्याची कड खालून वाचतात, नवा माणूस वरून वाचेल.

संध्याकाळी मेढ्याला गेले. शेजारचा दहावीतला मुलगा माप घ्यायला तयार आहे. गेलं वर्षभर तो काकांसोबत गच्चीवर जातोच आहे. काकांनीच निकाल दिला. “खातं मेढ्याचं आहे, माझं नाही. पण लिहा, हात बदलला म्हणून. वहीत मी तसंच लिहीत आलोय. २००६ला मापक बदलला तेव्हाही लिहिलं होतं.” वही उघडून ते पान त्यांनी दाखवलं.

पासवर्ड बदलला, फोन बदलला, किल्ली तीच ठेवली. मापकाच्या पानावर तारखेसह ओळ घातली.

२५ ऑगस्ट

सकाळी ८ वाजून ३४ मिनिटांनी आलेली पोस्ट:

“मेढा २३ मिमी #पाऊसनोंद. आजपासून मोजणारा बदलला. आजोबा शेजारी उभे होते, कड खालून वाचली.”